पाठीवरची वीज

५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी६ने कार्टोसॅट-१बरोबर बेचाळीस किलोंचा एक छोटा उपग्रह कक्षेत सोडला. त्याचं नाव हॅमसॅट. जगभरच्या हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅमना, इस्रोने दिलेली ही भेट. आयुष्य दोन वर्षं धरलेलं होतं, पण तो नऊ वर्षं बोलत राहिला. जुलै २०१४मध्ये तो गप्प झाला, तेव्हा दोष निघाला त्याच्यावरच्या लिथियम-आयन बॅटरीत.

जमिनीवरच्या हॅमचीही हीच गत असते. सेट उत्तम, अँटेना उंच, ऑपरेटर पट्टीचा. पण बॅटरी बसली की सगळंच बसतं. केंद्र सरकारची परीक्षा देऊन, परवाना आणि ‘व्हीयू’ने सुरू होणारं हाकनाव घेऊन हे लोक हवेत बोलतात. एरवी तो छंद. पण १९९३चा किल्लारीचा भूकंप, २००१चा भूजचा, २००४ची अंदमानातली त्सुनामी या प्रत्येक वेळी हॅम निरोप पोचवायला उभे राहिले. त्सुनामीच्या दिवशी तर भारती प्रसाद यांची हॅम मोहीम पोर्ट ब्लेअरमध्येच होती आणि छंदाची मोहीम आपत्ती-संपर्काचं केंद्र झाली. अशा दिवशी आधी जाते ती वीज. मोबाइलचा टॉवरही त्याच्या बॅटरीत दम असेपर्यंतच उभा. म्हणून सुट्टीच्या दिवशी डोंगरावर सेट घेऊन जाणारा हॅम नकळत आपत्तीचीच तालीम करत असतो.

या तालमीचे नियमही तसेच आहेत. २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ या उपक्रमात शिखरावर जनरेटर चालत नाही. बॅटरी किंवा सौर पॅनेलच लागतं आणि सामान स्वतः वाहून न्यावं लागतं. अमेरिकेत १९३३पासून जूनमध्ये होणाऱ्या ‘फील्ड डे’त पाच वॉटच्या आत आणि बॅटरीवर काम करणाऱ्याला संपर्कांच्या गुणांची पाचपट मिळते, शंभर वॉटवाल्याला फक्त दुप्पट.

आधी हिशेब

नवा हॅम दुकानात जाऊन विचारतो, “मोठ्यात मोठी बॅटरी कुठली?” प्रश्न इथेच चुकतो. आपला सेट ऐकताना किती अँपिअर घेतो, बोलताना किती, आणि आपण किती वेळ बोलणार, या तीन आकड्यांवर बॅटरी ठरते.

पाच वॉटचा, म्हणजे हॅमच्या बोलीत क्यूआरपी सेट घ्या. ऐकताना साधारण ०.४ अँपिअर, बोलताना २. चौथा हिस्सा वेळ बोलण्यात गेला तर सरासरी ०.८ अँपिअर पडते. पाच तासांना चार अँपिअर-तास. सहाची बॅटरी नेली की झालं.

आता शंभर वॉटचा सेट. ऐकताना एक अँपिअर. आवाज चढला की वीसच्या वर जातो, पण बोलण्यातले चढउतार आणि विराम धरून सरासरी दहा. पाच तासांना सव्वासोळा अँपिअर-तास, म्हणजे वीसची बॅटरी. याच सेटवर २०१७पासून लोकप्रिय झालेली एफटी-८ ही डिजिटल पद्धत लावली की हिशेब कोलमडतो. तिथे पंधरा सेकंदांच्या एकाआड एक फेरीत साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ सेट पूर्ण ताकदीने प्रसारण करतो. सरासरी नऊ अँपिअरवर जाते आणि पाच तासांना पंचेचाळीस अँपिअर-तास लागतात.

एवढं ओझं कशासाठी? शंभर वॉटवरून पाचवर आलं तर समोरच्याला आपला सिग्नल तेरा डेसिबल कमी मिळतो. सेटवरच्या मीटरचा एक एस-अंक सहा डेसिबलचा धरला, तर हे दोन अंकांपेक्षा थोडं जास्त झालं. डोंगरमाथ्यावर मोकळी, नीट ताणलेली अँटेना यातलं बरंच भरून काढते.

रसायनाची निवड

शिसे-आम्ल बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते यांनी बनवली. यूपीएसमधली सात अँपिअर-तासांची काळी पेटी तिचीच वंशज. स्वस्त, कुठेही मिळणारी, चार्ज करायला सोपी. पण वजन दोन किलोंच्या वर. वर तिचा सातचा आकडा वीस तासांच्या संथ वापराचा, म्हणजे ०.३५ अँपिअरचा असतो. जोरात ओढलं की तो घटतो. पॉइकर्ट यांनी १८९७मध्ये हे सूत्रात मांडलं. त्यात ती रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणून शंभर वॉटच्या त्या पाच तासांसाठी चाळीसची पेटी लागेल, तेरा किलोंच्या आसपास. घरात ठेवायला उत्तम, कळसूबाईच्या शिड्यांवर नाही.

लॅपटॉपमधले लिथियम-आयन सेल सर्वांत हलके. अडचण व्होल्टची आहे. बहुतेक मोठे सेट १३.८ व्होल्टचे असतात आणि पंधरा टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११.७ ते १५.९ सहन करतात. तीन सेल ओळीने जोडले तर पूर्ण भरल्यावर १२.६ मिळतात आणि भार पडताच ते खालची मर्यादा गाठू लागतात. चार जोडले तर १६.८, म्हणजे सेटला धोका.

मधली जागा भरली ती लिथियम आयर्न फॉस्फेटने. टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी १९९७मध्ये या पदार्थावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला; गुडइनफ यांना पुढे २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. सेल ३.२ व्होल्टचा, चार मिळून १२.८. चार्जर काढल्यावर पॅक तेराच्या थोडा वर स्थिरावतो आणि बराच काळ तिथेच राहतो. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावरही तो सहज सुटत नाही, म्हणून लॅपटॉपमधल्या कोबाल्टच्या सेलपेक्षा आगीचा धोका कमी. वीस अँपिअर-तासांचा पॅक अडीच किलोंच्या घरात बसतो. किंमत जास्त, पण चार्जच्या हजारो फेऱ्या चालतो.

एक खोड मात्र आहे. व्होल्ट सपाट राहत असल्याने व्होल्टमीटर पाहून किती वीज उरली ते कळत नाही. ये-जा करणारे अँपिअर-तास मोजणारा छोटा वॉटमीटर मधे जोडावा. भारावर बारा व्होल्ट दिसले की आवरतं घ्यावं.

पॅक बांधताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सुट्या भागांची जी दुनिया आहे, तिथूनच बहुतेकांची सुरुवात होते. क्यूआरपीसाठी ३२७०० मापाचे, म्हणजे बत्तीस मिलिमीटर व्यासाचे आणि सत्तर लांबीचे, सहा अँपिअर-तासांचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल पुरतात. सगळा पॅक पाऊण किलोच्या आत राहतो. खरेदीत आकड्यांना भुलू नये. १८६५० मापाच्या लिथियम-आयन सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं सर्रास दिसतं. चांगल्या कंपनीचा तेवढाच सेल ३५००च्या आसपास देतो.

चारही सेल एकाच खेपेचे असावेत. आधी ते समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत भरावेत, म्हणजे सगळे एका पातळीवर येतात. मग ओळीने जोडायचे ते निकेलच्या पट्टीने, स्पॉट वेल्डिंग करून. सेलवर थेट सोल्डर करू नये. उष्णतेने आतला पडदा आणि सील खराब होतात. शंभर वॉटसाठी नट-बोल्टने जोडायचे चौकोनी सेल बरे.

त्यावर बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट. त्याच्या बारीक तारा क्रमाने जोडायच्या आणि प्लग बसवण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक टप्प्याला व्होल्ट वाढतायत का ते पाहायचं. क्रम चुकला तर बीएमएस तिथेच जळतो. तो पॅकची वीज तोडतो तो शेवटचा उपाय म्हणून. रोजचा स्विच म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

पॅक तयार झाला की त्याची परीक्षा घ्यावी. मोटारीच्या इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब सुमारे १.८ अँपिअर ओढतो. सहाचा पॅक त्यावर सव्वातीन तासांच्या आसपास टिकला, तर सेल खरे.

तार, फ्यूज आणि खरखर

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला चिकटून हवा, सेटजवळ नव्हे. मधली तार खरचटून शॉर्ट झाली तर तोच वाचवतो. क्यूआरपीला पाच अँपिअरपर्यंतचा, शंभर वॉटला पंचविसाचा. तारेत काटकसर नको. अडीच चौरस मिलिमीटरची दोन मीटर तार जाऊन-येऊन चार मीटर होते आणि वीस अँपिअरला ०.६ व्होल्ट खाते. चारची घेतली तर ०.३७.

व्होल्ट वाढवणारी स्वस्त कन्व्हर्टर सर्किट्स आणि सौर पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे एमपीपीटी कंट्रोलर शॉर्टवेव्हवर खरखर पसरवतात. पॅनेल लावण्याआधी आणि नंतर तीच वारंवारता कानाने ऐकून पाहावी. चार्जर १४.६ व्होल्टचा, लिथियम आयर्न फॉस्फेटसाठीचाच घ्यावा. लेहसारख्या ठिकाणी गोठणबिंदूखाली हा पॅक वापरता येतो, पण चार्ज करू नये. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातसामानातच न्याव्या लागतात. शंभर वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही, १६०पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. सहाचा पॅक ७७ वॉट-तासांचा, म्हणजे निर्धास्त.

गावोगावच्या हॅम क्लबांना एक विनंती. पावसाळ्याआधी एक संध्याकाळ काढा, प्रत्येक सभासदाच्या सेटचा ऐकतानाचा आणि बोलतानाचा प्रवाह मोजा, आणि तो आकडा सेटवर चिकटवून ठेवा. प्रत्येक पॅक बल्बावर तपासा. ज्याचा पॅक सांगितलेल्या वेळेच्या निम्म्यातच विझेल, त्याने नवा सेट घेण्याआधी नवे सेल घ्यावेत.