चिन्नोरचा हिशेब

लामत्याला गेलो की आतेभाऊ विचारतो, "दादा, पुण्यात माझ्यासाठी काही काम आहे का?"

बालाघाट जिल्ह्याने नक्षलवादाची झळ सोसली. १९९९ मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांचीही हत्या झाली. बंदुका शांत झाल्या, तरी रोजगार आपोआप येत नाही. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण उतारा कमी, म्हणून आतेभाऊ तो सोडायच्या बेतात. गडचिरोलीत हेमलकशाला १९७६ पासून लोकबिरादरीची आश्रमशाळा आहे; आमच्याकडे निदान पॅकिंग, विक्री शिकवणारं कुणी हवं.

दिवाळीत मीच लॅपटॉप उघडला. मजुरी, खत वजा करून संकरित धान आणि चिन्नोर शेजारी-शेजारी मांडले. तो बराच वेळ बघत राहिला.

"दादा, किलोच्या पिशव्या पुण्यात खपतील का?"