आज्ञावली तपासू या

संगणकावर पत्र किंवा निबंध लिहिण्यासाठी 'लिब्रेऑफिस' नावाची आज्ञावली आहे. ती २०१० साली सुरू झाली. ती फुकट मिळते आणि ती कशी लिहिली आहे, हे कोणीही पाहू शकतो. नवी आवृत्ती येण्यापूर्वी तिची चाचणी आवृत्ती निघते. ती तुम्हीही तपासू शकता. मात्र महत्त्वाचे लेखन तिच्यात करू नका.

उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एकाच ओळीत लिहून पाहा. कंस उलटा पडतो का? आकडे जागा बदलतात का? नस्तालीकचे नुक्ते कापले जातात का? उर्दू न जाणणाऱ्याला असे दोष सहसा दिसतच नाहीत. म्हणून तर तुमची गरज आहे!

दोष दिसला, की तो पुन्हा घडतो का ते पाहा. 'बिघडले आहे' एवढेच कळवून कोणाला काय कळणार? काय केले, काय व्हायला हवे होते आणि काय झाले, ते क्रमाने लिहा. आवृत्तीचा क्रमांक द्या. हे इंग्रजीत लिहायचे असते. शिक्षकांची मदत घ्या. सोबतची फाइल सर्वांना दिसते, म्हणून तिच्यात आपले नाव-पत्ता ठेवू नका.

दुरुस्ती झाल्याचे कळले, की नवी चाचणी आवृत्ती घ्या आणि तीच ओळ पुन्हा लिहून पाहा.