शोभिवंत मासे आणि हीटरचा धोका

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे सर्जापूर रोड परिसरात हिवाळ्यातील रात्री थंड असतात. डिस्कस माशांना मात्र २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. म्हणून मत्स्यपेटीत हीटर बसवला जातो. पाणी खेळते नसल्यास ऊब हीटरभोवतीच राहते. मग गारठलेला किंवा आजारी मासा त्याला चिकटून बसतो व भाजतो. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. यासाठी हीटरला सच्छिद्र प्लॅस्टिकचे आवरण घालावे, तो फिल्टरच्या प्रवाहाजवळ बसवावा आणि पाणी बदलण्यापूर्वी बंद करावा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. या जोडधंद्यात निरोगी मासा हेच खरे भांडवल होय.