धनेशाची ढोली आणि न्यिशी समाज

अरुणाचल प्रदेशातील न्यिशी समाज पिढ्यान्‌पिढ्या अरण्याच्या आधाराने जगत आला आहे. फिरती शेती, रानभाज्या, मासे आणि शिकार यांवर त्याची उपजीविका चाले. शिकारीच्या पक्ष्यांमध्ये महाधनेशाचे मोल मोठे होते. त्याचे मांस अन्न म्हणून, चरबी औषध म्हणून उपयोगी पडे आणि भव्य पिवळी चोच पुरुषांच्या वेताच्या टोपीवर मानाने मिरवे.

मात्र या पक्ष्याची जीवनरीतीच त्याला शिकारीपुढे दुर्बळ करते. विणीच्या काळात मादी उंच, जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व फळांचा गर यांनी ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरते ती केवळ एक अरुंद फट. आत तिची उड्डाणपिसे गळून पडतात. अंड्यांपासून पिले वाढेपर्यंत तीन-चार महिने नर त्या फटीतून उंबर-वडासारखी फळे भरवीत राहतो. अशा वेळी नर मारला गेला, तर एका पक्ष्याबरोबर सारे कुटुंबच संकटात सापडते. शिवाय मोठ्या बियांची फळे गिळून त्या बिया दूरवर टाकणारे पक्षी थोडेच. धनेश घटले की काही वृक्षांची नवी रोपे उगवणेही अवघड होते.

विणीच्या हंगामात शिकार न करण्याचा संकेत जुन्या न्यिशींना ठाऊक होता. बंदूक आली, वृक्षतोड वाढली आणि तो सैल पडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी घातली खरी. परंतु दूरच्या पाड्यावर केवळ कायद्याचा धाक पुरत नाही, हा अनुभव आपल्याकडील वनाधिकाऱ्यांनाही नवा नाही.

पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वाट निघाली ती गावातूनच. या शतकाच्या आरंभी टोपीसाठी फायबरग्लासच्या चोची तयार करण्यात आल्या आणि त्या स्वीकारल्याही गेल्या. २००६ मध्ये गावबुढ्यांनी 'घोरा-आभे' ही संस्था स्थापून शिकारीवर दंड बसविला. २०११ पासून शहरांतील नागरिक देणगी देऊन एकेक घरटे दत्तक घेऊ लागले. त्या पैशातून गावातील माणसांना घरटे-रक्षक म्हणून वेतन मिळू लागले. त्यांत पूर्वीचे शिकारीही आहेत. ज्या नजरेने ते पूर्वी पक्षी हेरीत, त्याच नजरेने आता ते ढोल्या शोधतात आणि नराच्या फेऱ्या टिपून ठेवतात.

कोकणात 'गरुड' म्हणून ओळखला जाणारा पक्षी हाच. देवराईतील बेहड्यासारख्या जुन्या झाडांच्या ढोलीत त्याची मादी अशीच कोंडून घेते.