जुन्या ट्रॅक्टरची ओढ वाढविताना

उसाने भरलेली ट्रॉली चढावर अडू लागली की, जुन्या ट्रॅक्टरच्या इंधनपंपाचे सील तोडून त्याचा स्क्रू फिरवून घेण्याचा मोह होतो. धूर काळा झाला म्हणजे ताकद वाढली, असाही एक समज आहे. वस्तुतः काळा धूर हे डिझेल अर्धवट जळत असल्याचे लक्षण होय.

मॅसी फर्ग्युसन ३५ वरील पर्किन्सच्या तीन सिलिंडरी इंजिनाचे उदाहरण घ्यावे. सिलिंडरचा व्यास ९१.४ मि.मी. आणि पिस्टनची धाव १२७ मि.मी.; म्हणजे दोन फेऱ्यांत हवा फार तर अडीच लिटर. तेवढ्या हवेत जळेल तेवढेच डिझेल कामी येते. उरलेले पिस्टनचा माथा तापविते आणि वंगण बिघडविते. म्हणून एअर क्लीनरमधील गाळ काढून तेल बदलावे, नोझल तपासून घ्यावेत, झिजलेले लायनर व रिंगा बदलाव्यात. गेलेली ताकद बहुधा एवढ्यानेच परत येते. टर्बोचार्जरने हवा वाढते खरी, परंतु क्लच व गिअरपेटी जुन्याच भाराच्या बेताची असतात.

पुष्कळदा उणीव इंजिनात नसतेच. मागील चाके जागीच फिरत असल्यास वाढीव ताकद केवळ माती उकरते. अशा वेळी व्हॉल्व्ह वर ठेवून ट्यूबमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश पाणी भरावे किंवा चाकांना लोखंडी वजने लावावीत. साखळी मात्र खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. ती वर बांधून जोर लावल्यास पुढील चाके उचलली जातात, ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालक त्याखाली सापडतो.