जुन्या रिव्हॉल्व्हरचा रास्त भाव कोणता?

मोहोळ तालुक्यातील एका कुटुंबाचा प्रश्न नुकताच आमच्यासमोर आला. घरचे कर्ते वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. मुलगी अजून नाबालिग आहे. गावापासून दूर मळ्यातील वस्तीवर राहायचे म्हणून मरहूम गृहस्थांनी परवाना काढून कानपूरच्या सरकारी कारखान्याचे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले होते. ते आता पोलीस ठाण्यात जमा आहे. मुलांना ते ठेवायचे नाही. चुलत्यांकडे बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना आहे आणि कायद्याने त्यांना आणखी एक शस्त्र घेता येते. ते म्हणतात, "घरातली वस्तू घरातच राहू द्या, मी तीस हजार देतो." हा भाव रास्त आहे का, एवढेच त्या भगिनीला विचारायचे होते.

बैल विकायचा तर बाजारात दहा जणांना दाखवता येतो, ट्रॅक्टर विकायचा तर गावोगाव निरोप देता येतो. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. ते कोणाच्याही हाती देता येत नाही आणि परवान्यावर जागा असलेला माणूसच ते घेऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. म्हणजे गिऱ्हाईक आणखी कमी झाले. जिथे गिऱ्हाईक मोजके तिथे भाव घेणाऱ्याच्या तोंडी असतो. म्हणून या सौद्यात हिशेब आधी कागदावर मांडावा लागतो.

पहिला हिशेब कायद्याचा. परवाना वस्तूबरोबर वारसांकडे जात नाही. वारसांपैकी कोणाला शस्त्र ठेवायचे असेल तर त्याने २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार आपल्या नावाने अर्ज करावा. ठेवायचे नसेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ चे कलम २१ पाहावे. जमा केलेले शस्त्र पात्र व्यक्तीला विकून रक्कम घेण्याचा हक्क हे कलम वारसांना देते. मात्र ठरलेल्या मुदतीत हे न केल्यास शस्त्र सरकारजमा होऊ शकते. ही मुदत ठाण्यात व सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लगेच विचारून घ्यावी, कारण मुदत संपत आली की पडेल भावात विकावे लागते. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकायचे असेल तर कलम ५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. हे टाळून कोणी जास्त पैसे देऊ केले तरी तो सौदा नव्हे, गुन्हा आहे.

दुसरा हिशेब नव्या मालाचा. जुन्या वस्तूचा भाव नव्याच्या भावावरून ठरतो. कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' हे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले तेव्हा त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलावरील जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. म्हणजे कारखान्याचा भाव १ लाख असेल तर पूर्वी १ लाख २८ हजार पडत, आता १ लाख ४० हजार पडतात. नवे महागले की चांगल्या स्थितीतील जुन्यालाही किंमत येते. दहा वर्षांपूर्वीच्या पावतीवरची रक्कम निम्मी करून भाव सांगणारा माणूस ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. परदेशी बनावटीचे असेल तर हिशेब निराळा. खासगी विक्रीसाठी अशा शस्त्रांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली, त्यामुळे वेब्ली स्कॉटसारख्या जुन्या मालाला नुसत्या नावावरही भाव मिळतो. पण नाव मोठे आणि नळी खराब, असेही पुष्कळदा असते.

तिसरा हिशेब वस्तूच्या स्थितीचा. ही तपासणी जाणत्या परवानाधारक विक्रेत्याकडून, शस्त्र रिकामे असल्याची खात्री करूनच व्हावी. आधी बॉडीवरचा क्रमांक परवान्याशी जुळवावा. क्रमांक खोडलेला असेल तर पुढे बोलणेच नको. मग नळी उजेडाकडे धरून पाहावी. आतील पीळ स्वच्छ दिसतात की गंजाने खड्डे पडले आहेत? कातडी म्यानात वर्षानुवर्षे ठेवलेले शस्त्र ओल धरते. निवडणुकीच्या वेळी जमा केलेले हत्यार तेल न लावता पडून राहिले तरी तेच होते. त्यानंतर घोडा ओढून सहाही घरे एकेक करून तपासावीत. प्रत्येक घर नळीसमोर बरोबर येऊन घट्ट बसले पाहिजे. चक्र खुळखुळत असेल तर दुरुस्तीचा खर्च भावातून वजा करावा. कानपूरचे जुने ०.३२ मधोमध मोडून उघडते, म्हणून त्याची बिजागरी व वरचा खटका ढिला झाला आहे का हेही पाहावे. नवे पॉलिश दिसले की अधिक सावध व्हावे. अक्षरे झिजलेली आणि रंग मात्र कोरा असेल, तर खाली गंज दडवलेला असू शकतो.

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतला माल ओला निघाला. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ऐब सांगून विकणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. विकणारा अजाण असेल तर वस्तूचा खरा गुण न दडवणे ही घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. शिवाय ज्याच्या हातून फितना होण्याची भीती आहे त्याला शस्त्र विकणे फुकहांनी नापसंत ठरवले आहे, मग तो कितीही भाव देवो.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. मरहूमांचे आई-वडील हयात नाहीत आणि कर्ज वा वसियत शिल्लक नाही. अशा वेळी पत्नीला आठवा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन भाग तर मुलीला एक. तीस हजारांत आईचे ३,७५० आणि मुलीचे ५,२५० होतात. समजा तपासणीनंतर खरा भाव ५६ हजार निघाला, तर आईचे ७,००० आणि मुलीचे ९,८०० होतील. म्हणजे 'घरातली वस्तू घरात' ठेवताना एकट्या मुलीचे ४,५५० रुपये जातात. सज्ञान भाऊ आपला हक्क खुशीने सोडू शकतात. नाबालिग मुलीचा हक्क तिच्या वतीने कोणालाही सोडता येत नाही. यतीमाचा माल खाण्याबद्दल सूरह निसामध्ये किती कडक इशारा आहे हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून आमचे उत्तर असे की चुलत्यांना जरूर द्यावे, पण भाव चुलत्यांनी सांगू नये. दोन परवानाधारक विक्रेत्यांकडून स्थिती पाहून लेखी किंमत घ्यावी, ती सर्व वारसांसमोर वाचावी, रक्कम बँकेतून घ्यावी आणि मुलीचा हिस्सा तिच्या नावे वेगळा ठेवावा. दोन्ही किमती तीस हजारांच्या आसपास आल्या तर चुलत्यांवरचा संशय आपोआप फिटेल. जास्त आल्या तर वरची रक्कम देऊन वस्तू घेणे, हेच नात्याला व बरकतीला शोभेल.