झडपेआधी महाधमनीचं मोजमाप

उंब्रजच्या आमच्या थोरल्या आत्यांना तारळीच्या पुलापर्यंत चाललं तरी धाप लागायची. महाधमनीची झडप कॅल्शियमनं कडक झालेली, वय ऐंशीपुढचं. छाती न उघडता जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळीनं नवी झडप बसवायचं ठरलं. फ्रान्समध्ये डॉ. आलँ क्रिबिए यांनी 2002 साली हे पहिल्यांदा केलं.

झडप बसवण्याआधीचा सीटी स्कॅन मला सगळ्यात मोलाचा वाटतो. महाधमनी हृदयातून किती तिरकी निघते, तो कोन त्यात मोजतात. ती फार आडवी असेल, म्हणजे कोन साधारण 48 अंशांपुढे, तर कमानीवरून वळून आलेली नळी झडपेच्या तोंडाशी सरळ बसवणं अवघड जातं. आपोआप उमलणारी झडप मग जागेवरून सरकू शकते, कडेनं रक्त गळू शकतं. वळवता येणाऱ्या नव्या नळ्यांनी ही अडचण बरीच कमी केली आहे.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची तोंडंही पाहतात. ती झडपेच्या कड्यापासून 10-12 मिलिमीटरपेक्षा कमी उंचीवर असली, तर झाकली जाण्याची भीती. घरच्यांनी हे आकडे डॉक्टरांना जरूर विचारावेत.

आत्यांची महाधमनी बरीच आडवी निघाली. म्हणून डॉक्टरांनी त्यांच्यासाठी फुग्यानं उघडणारी झडप निवडली.